अंबर टॉवरच्या दारात

४ नोव्हेंबर, सोमवार

पहिला दिवस पार पडला. गणवेश चढवून आरशासमोर उभा राहिलो तर बायको, बोग्ना, म्हणाली, "सर्कशीतला सिंहवाला दिसतोस. चाबूक तेवढा विसरलास." काळा कोट, सोनेरी बटणं, छातीवर नाव. इतकी वर्षं ट्राम चालवली, माझं नाव काय आहे हे कुणी विचारलं नव्हतं.

ही वहीसुद्धा बोग्नाचीच. मधुमेहानं डोळे अधू झाले, ट्रामचा परवाना गेला, आणि वसंत ऋतूपासून मी घरात बसून भिंतींशी पुटपुटत होतो. "माझं डोकं खाण्यापेक्षा हिचं खा," म्हणून तिनं वही हातात दिली. तर खातो.

काम सोपं आहे. अंबर टॉवरच्या लॉबीत संगमरवरी टेबलामागे उभं राहायचं. बाहेर कुणी आलं की काचेतून बघायचं, ओळखीचं असेल तर टेबलाखालचं बटण दाबायचं. दार आपोआप सरकतं. "शुभ दिवस" म्हणायचं. व्यवस्थापक मालविनाबाई माझ्या मुलीच्या वयाच्या आहेत, पण बोलतात आदरानं. तीन महिने बघू म्हणाल्या, मग कायम.

पगार मिळणार, पाय कोरडे राहणार, ऊबेत उभं राहायचं. आनंद व्हायला हवा, आणि झालाही. पण येताना ट्राममध्ये जुना सोबती भेटला, म्हणाला, "काय झेनोन, आता श्रीमंतांची दारं उघडतोस म्हणे?" मी हसून सोडून दिलं. या कोपऱ्यावर पूर्वी विटांची चार मजली इमारत होती. सज्जांवर कपडे वाळत असायचे. ती रिकामी झाली, पाडली, सगळं ट्रामच्या काचेतून बघितलं आहे मी. आता तिच्याच जागी उभा राहून भाकरी मिळवतो आहे. हे आज दिवसभर मनात टोचत होतं. नोकरी नाकारली असती तर इमारत परत उभी राहिली असती का? नाही. तरीही टोचत होतं.

७ नोव्हेंबर, गुरुवार

वरच्या मजल्यांवर फेरी मारली. बरेच फ्लॅट रिकामे आहेत. मालक दुबईला, लंडनला, कुठे कुठे. पैसा गुंतवून ठेवलाय. माझ्याकडे किल्ल्यांचा जुडगा आहे. आत जायचं, झाडांना पाणी घालायचं, हीटर चालू आहेत का बघायचं. एका फ्लॅटमध्ये फक्त पियानो आहे, दुसरं काही नाही. मालकाची सूचना आहे की खोली कधीही गार होता कामा नये, पियानोला थंडी बाधते. मी त्या उबदार खोलीत जरा वेळ उभा राहिलो. अख्खं वॉर्सा खाली पसरलेलं होतं, नदीपलीकडच्या प्रागा वस्तीतल्या धुराड्यांतून धूर निघत होता. फार सुंदर दिसत होतं.

१५ नोव्हेंबर, शुक्रवार

आज एक म्हातारी आली. काचेपाशी उभी राहून आत बघत होती. डोक्याला लोकरीची टोपी, हातात भली मोठी पिशवी. मी बटण दाबलं, वाटलं कुणाची आई असेल.

आत आली, लॉबीभर फिरली, पाणी ओघळणाऱ्या शोभेच्या भिंतीजवळ थांबली आणि म्हणाली, "इथे माझी चूल होती."

"काय?"

"चूल हो. तुम्ही जिथे उभे आहात तिथे स्ताखाबाईंचा पलंग होता. नवरा दारू पिऊन आला की पलंगाखाली लपायची बिचारी. म्हणजे तुम्ही आत्ता पलंगाखाली आहात."

मला हसू फुटलं. तिचं नाव लेओकाडिया. त्या पाडलेल्या इमारतीत जन्मली, तिथेच नांदली, तिथेच विधवा झाली. आता नदीपलीकडे राहते म्हणाली, प्रागामध्ये, जुन्या साबण कारखान्यामागे. मी तो थांबा ओळखतो. "खोली कशी आहे?" विचारलं तर म्हणाली, "छान आहे. हवेशीर आहे."

मी तिला सोफ्यावर बसवलं, चहा दिला. जाताना म्हणाली, "झेनोनराव, तुमचा चहा पाणचट झालाय. उद्या दोन पुड्या टाका."

२१ नोव्हेंबर, गुरुवार

लेओकाडियाबाई आता रोज येतात. रहिवासी कामाला गेले की येतात आणि अंधार पडायला लागला की जातात. जुन्या जागेची ओढ असते माणसाला. मी मालविनाबाईंना तसं सांगितलं, त्यांनाही आधी गोड वाटलं. "किती छान ना," म्हणाल्या. "अगदी गोष्टीतल्यासारखं."

बाईंच्या तऱ्हा मात्र गमतीच्या आहेत. अंगात एकावर एक दोन स्वेटर, त्यावर कोट, आणि आत आल्यावरही कोट काढायला बराच वेळ लावतात. आधी जमिनीतल्या हीटरच्या जाळीवर पाय ठेवून बसतात. पाहुण्यांच्या स्वच्छतागृहात गेल्या की लवकर बाहेर येत नाहीत, आणि बाहेर आल्या की केस ओले असतात. निघताना थर्मास पुढे करतात, "एवढं उकळतं पाणी भरून द्या हो." साखरेच्या पुड्याही पिशवीत जातात. म्हाताऱ्या माणसांना साठवायची सवयच असते, युद्धानंतरची पिढी. आमची आईही दोऱ्याचे तुकडे जपून ठेवायची.

बोग्नाला हे सगळं रंगवून सांगितलं. ती बटाटे सोलत होती. हात थांबवून म्हणाली, "अरे, तिच्या घरी ऊब आहे का?"

"हवेशीर आहे म्हणाली."

"हवेशीर," बोग्ना म्हणाली आणि पुन्हा सोलायला लागली. या बाईला प्रत्येक गोष्टीत काहीतरी काळंबेरं दिसतं.

२८ नोव्हेंबर, गुरुवार

आज जे झालं ते आठवून हसूही येतं आणि काळजीही वाटते.

वरच्या मजल्यावरचे रोगाल्स्की वकील गाडीची वाट बघत लॉबीत उभे होते. फोनवर कुणाला तरी झापत होते. लेओकाडियाबाई सोफ्यावरून उठल्या, त्यांच्याजवळ गेल्या आणि कोटाची बाही ओढून म्हणाल्या, "साहेब, जरा सरकता का? तुम्ही आमच्या संडासात उभे आहात."

वकिलांनी फोन कानावरून खाली घेतला.

"खरंच. सगळ्या जिन्याला एकच होता. आणि तुम्ही इतका वेळ लावलात तर बाकीच्यांनी काय करायचं?"

मी टेबलाखाली वाकून खोकल्याचं सोंग केलं. वकील सरळ जाऊन गाडीत बसले. संध्याकाळी मालविनाबाईंनी बोलावलं. तक्रार आली होती. मी म्हटलं, "विनोद केला हो तिनं. निरुपद्रवी आहे."

"मला माहीत आहे," त्या म्हणाल्या. "पण त्यांचं म्हणणं, आपण सोफे ठेवलेत ते रहिवाशांसाठी. झेनोनराव, काहीतरी करा ना. पण प्रेमानं. तिला वाईट वाटता कामा नये."

हे काहीतरी म्हणजे काय ते त्यांनी सांगितलं नाही, आणि मीही विचारलं नाही.

३ डिसेंबर, मंगळवार

प्रेमानं सांगायचा प्रयत्न केला. म्हटलं, "लेओकाडियाबाई, जेवणाच्या वेळेपर्यंतच थांबा. नंतर गर्दी होते." गर्दी कसली, दुपारी लॉबीत चिटपाखरू नसतं. त्यांनी माझ्याकडे बघितलं. "गर्दी का? बरं." आणि बरोबर जेवणाच्या वेळी उठल्या. बाहेर बर्फाचा चिखल होता. काचेतून बघितलं तर समोरच्या थांब्यावर त्या ट्रामची वाट बघत उभ्या होत्या. दोन-तीन ट्राम आल्या तरी चढल्या नाहीत. कुठली हवी होती कोण जाणे.

घरी आल्यावर बोग्नाला काही सांगितलं नाही.

१० डिसेंबर, मंगळवार

वकिलांनी पुन्हा तोंड वेडंवाकडं केलं. बाईंच्या खोकल्यामुळे. खोकला वाईट आहे खरा, छातीतून येतो. वकील मला म्हणाले, "ही इमारत आहे की दवाखाना?" आणि माझ्या छातीवरचं नाव वाचलं, सावकाश, जसं कुणी लक्षात ठेवण्यासाठी वाचतं तसं.

मालविनाबाईंनी कायम करण्याचं पत्र तीन महिन्यांची वाट न बघता नाताळाआधीच देते म्हणून सांगितलंय. "तुमच्याबद्दल सगळे चांगलं बोलतात," म्हणाल्या. मग जरा थांबून, "ते दुसरं प्रकरण तेवढं मिटवा."

मी बाईंना म्हटलं, "थोडे दिवस येऊ नका. नाताळ होऊन जाऊ दे." त्या थर्मासचं झाकण लावत होत्या. ते नीट बसत नव्हतं.

"नाताळ होऊन जाऊ दे," त्यांनी माझेच शब्द परत म्हटले. "आणि पाणी तेवढं घ्यायला आले तर?"

"बघू," मी म्हणालो.

१३ डिसेंबर, शुक्रवार

सकाळपासून कडाक्याची थंडी. श्वास नाकात गोठत होता.

त्या आल्या. मी बघितलं. थांब्यापासून येताना दोनदा थांबल्या. मग दाराशी येऊन काचेवर टकटक केली. बोटातली अंगठी काचेवर वाजत होती. हात वर करून थर्मास दाखवला. फक्त पाणी हवं होतं. आत बसायचं नव्हतं.

मी फोनचा रिसीव्हर कानाला लावला. पलीकडे कुणी नव्हतं, नुसता सूर वाजत होता. मी "हो, हो, नक्की" असं म्हणत राहिलो आणि भिंतीकडे तोंड केलं. टकटक थांबली, पुन्हा झाली, थांबली. फिरलो तेव्हा त्या नव्हत्या. काचेवर त्यांच्या श्वासाचा धुरकट डाग होता, तोही लगेच गेला.

लॉबीत त्या वेळी कुणीही नव्हतं. वकील नव्हते, मालविनाबाई सुट्टीवर होत्या. हे लिहिलंच पाहिजे. मला कुणी बघत नव्हतं. बटण टेबलाखाली होतं, माझा गुडघा त्याला लागत होता.

१८ डिसेंबर, बुधवार

कायमचं पत्र मिळालं. बोग्नानं कोबी-मशरूमचं सारण भरून करंजीसारखे पियेरोगी केले. माझे आवडते. मी दोनच खाल्ले. "पत्रानंच पोट भरलं वाटतं," ती म्हणाली.

बाई आल्या नाहीत. परवाही नाही, आजही नाही. मीच येऊ नका म्हटलं होतं, मग येतील कशाला. तरी दर थोड्या वेळानं दाराकडे नजर जाते. एकदा टकटक ऐकली म्हणून धावलो, तर वाऱ्यानं नाताळची माळ काचेवर आपटत होती.

आज पियानोच्या खोलीत गेलो. हीटर सुरू होता. पियानोवरची धूळ पुसली. तिथल्या ऊबेत उभा राहिलो आणि एकदम काहीतरी कळल्यासारखं झालं. दोन स्वेटर. ओले केस. थर्मास. न पकडलेल्या ट्राम. मी घाईघाईनं दार लावून खाली आलो. पूर्ण विचार करायचं टाळलं, हे खरं सांगतो.

२४ डिसेंबर, मंगळवार

रात्रीच्या जेवणाला आम्ही दोघंच. मुलगी ग्दान्स्कला, तिच्या सासरी. बोग्नानं टेबलावर पांढरं कापड घातलं, त्याखाली गवताच्या काड्या, आणि रीतीप्रमाणे एक ताट जास्तीचं. वाट चुकून कुणी आलंच तर त्याच्यासाठी. आमच्या आयुष्यात ते ताट कधी कुणी वापरलेलं नाही. दरवर्षी धुतलेलंच परत धुऊन ठेवतो.

आम्ही नाताळची ती कागदासारखी पातळ पवित्र पोळी मोडून एकमेकांना शुभेच्छा दिल्या. बोग्ना म्हणाली, "तुझी ती लॉबीतली राणी कशी आहे?"

"नातेवाइकांकडे गेलीय," मी म्हणालो. पटकन आलं तोंडात.

"तिला नातेवाईक आहेत?"

समोर ते कोरं ताट होतं.  मग सगळं सांगितलं. फोनचंही. बोग्ना ऐकत राहिली. मला वाटलं ओरडेल, रडेल, निदान एखादा टोमणा मारेल. ती उठली, डबे काढले, बीटचं सार, मासा, खसखशीचा केक, सगळं भरलं. मग ते रिकामं ताट उचललं, रुमालात गुंडाळलं आणि म्हणाली, "बूट घाल."

ट्राम जवळजवळ रिकामी होती. साबण कारखान्यामागे अशी एकच इमारत होती जिथे अजून माणसं राहतात. जिन्यात वीज नव्हती. एका दारातून हिरव्या गाऊनमधली बाई सिगारेट ओढत बाहेर आली.

"लेओकाडिया? तिला नेली अँब्युलन्समधून. कधीच."

"काय झालं?"

"काय व्हायचंय? निमोनिया. खोलीत या, बघा." तिनं दार ढकललं. आमच्या तोंडातून वाफ निघत होती. खिडकीच्या आतल्या बाजूला बर्फ होता. चूल होती, पण तिचं धुराडं विटांनी बुजवलेलं. "मालकानं बंद केलं. माणसं हटावीत म्हणून. ती दिवसा कुठेतरी जायची ना, ऊबेला. मैत्रिणीकडे जाते म्हणायची. मग मैत्रिणीकडे जाणं बंद झालं आणि पडली."

बोग्नानं डबे त्या बाईला दिले. ताट परत आणलं. घरी येईपर्यंत ट्राममध्ये माझा हात तिनं सोडला नाही. तो स्वतःचाच हात मला नको झाला होता.

२६ डिसेंबर, गुरुवार

दवाखाना शोधून काढला. जिवंत आहेत. नाकात नळी, अंगावर पांढरं पांघरूण, इतक्या लहान दिसत होत्या की आधी पलंग रिकामाच वाटला.

मला बघून चेहरा उजळला. खरंच उजळला. शेजारच्या पलंगावरच्या जाड बाईला म्हणाल्या, "बघ, आले. मी म्हटलं नव्हतं?"

"हेच का टॉवरवाले?" ती बाई म्हणाली. "अहो, दिवसभर तुमचंच पुराण. झेनोनराव असा चहा करतात, झेनोनरावांनी वकिलाची कशी जिरवली."

"मी कुठे जिरवली," मी म्हणालो.

लेओकाडियाबाईंनी माझा हात धरला. त्यांचा हात तापलेला होता. "त्या दिवशी मी आले होते. तुम्ही फोनवर होता. मी एवढा हात हलवला, पण तुमचं लक्षच नाही. कामाचा माणूस. मी हिला म्हटलं, त्यांनी बघितलं असतं तर धावत आले असते."

 खोलीत औषधांचा आणि उकडलेल्या गाजराचा वास होता.

"हो," मी म्हणालो. "महत्त्वाचा फोन होता."

"मग. मी म्हटलंच."

२९ डिसेंबर, रविवार

झोप नाही. ट्राम बिघडली की आतली घरघर जाणवायची तसं होतं आहे.

बोग्नाला म्हटलं, "मी जाऊन तिला खरं सांगणार."

"कशाला?"

"खोटं बोललो म्हणून."

"ती तिथे पडून काय सांगते सगळ्यांना? की एक माणूस असा आहे, ज्यानं बघितलं असतं तर दार उघडलं असतं. हे एवढंच आहे तिच्याकडे. तेही काढून घेणार?" बोग्ना इस्त्री करत होती. "खरं सांगून बरं कुणाला वाटणार आहे? तिला की तुला?"

मी म्हटलं, "खरं ते खरं."

"चर्चमध्ये जा मग. पाद्री त्यासाठीच बसलाय."

बोग्नाला माझ्या मनातलं कळत नाही. पोटात विष ठेवून माणसानं समोर गोड बोलत राहायचं का?

२ जानेवारी, गुरुवार

सांगितलं.

त्या बसल्या होत्या, नळी निघाली होती, सूप पीत होत्या. मी म्हटलं, "लेओकाडियाबाई, तो फोन नव्हता. मी तुम्हाला बघितलं होतं."

त्यांनी चमचा खाली ठेवला. "तिथे कुणी होतं का? ती व्यवस्थापक पोरगी?"

"नाही."

"वकील?"

"नाही."

"म्हणजे कुणीच नव्हतं."

"कुणीच नव्हतं."

त्यांनी सुपाची वाटी बाजूला सरकवली. मी काहीतरी बोललो. नोकरी, पत्र, तीन महिन्यांची अट, भीती. माझं बोलणं मलाच ऐकू येत होतं आणि त्यातलं काहीच खोटं नव्हतं, तरी सगळं कुजकं वाटत होतं. शेवटी त्यांनी विचारलं, "मग मला का सांगितलंत?"

 त्यांनी भिंतीकडे तोंड फिरवलं. शेजारची बाई म्हणाली, "ऐकलंत ना? निघा आता. सूप गार होतंय तिचं."

बाहेरच्या लांबलचक व्हरांड्यात आलो आणि छाती हलकी झाल्यासारखी वाटली. कित्येक दिवसांत पहिल्यांदा पूर्ण श्वास आला. थांब्यापर्यंत पोचलो आणि मग कळलं की हा श्वास मी कुणाचा घेतला. तिथेच बाकावर बसलो. बोग्नाला माझ्या मनातलं कळत नाही असं मी या वहीत लिहिलं आहे. ते खोडत नाही, राहू दे.

११ जानेवारी, शनिवार

गेल्या रविवारी राजीनामा लिहिला. बोग्नानं तो वाचला, चहाचा कप त्यावर ठेवला, आणि कागदावर गोल डाग पडला.

"तू घरी बसलास म्हणून तिची खोली तापेल?"

"मग काय करू?"

"तू काही करू नकोस. तू केलंस तेवढं पुरे झालं. मी करते."

सोमवारपासून ती नगरपालिकेच्या कचेरीत जाऊन बसते. विणकाम घेऊन. तिथल्या साहेबांना सांगून ठेवलंय, मोजे विणून होईपर्यंत लेओकाडियाबाईंना गरम खोली मिळाली नाही तर स्वेटर सुरू करेन, मग रजई. दवाखान्यातही तीच जाते. मला तिथे नेत नाही. "विचारते का माझ्याबद्दल?" मी विचारलं. बोग्ना टाके मोजत होती, मोजून झाल्यावर म्हणाली, "नाही."

मालविनाबाईंना सगळं सांगितलं. त्यांचा चेहरा पांढरा पडला. "मी हाकलायला कुठे सांगितलं होतं? प्रेमानं म्हटलं होतं मी."

"हो, प्रेमानं म्हटलं होतंत."

"मला यापुढचं काही सांगू नका, प्लीज," त्या म्हणाल्या आणि आपल्या खोलीत गेल्या. त्यांच्या दाराचं हँडल बराच वेळ आतून कुणी धरून ठेवल्यासारखं वाकलेलं दिसत होतं.

मी कामावर जातो. दार उघडतो. वकील नववर्षाच्या शुभेच्छा देऊन गेले. माणूस वाईट नाही, कोट सांभाळून चालतो एवढंच. त्यांच्यावर राग काढायला मला आवडलं असतं. पण त्या शुक्रवारी ते नव्हते तिथे.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

मोजे झाले, स्वेटर झाला, रजईचा पहिला चौकोन झाला आणि खोली मिळाली. प्रागामध्येच, सरकारी इमारतीत, पहिल्या मजल्यावर. आज त्यांचं सामान हलवायचं होतं. मी रजा घेतली.

त्या टॅक्सीतून उतरल्या. माझ्याकडे बघितलं नाही. बोग्नाला म्हणाल्या, "तुमचे यजमान आलेत वाटतं."

"सांगू का परत जायला?"

"नको. पिशव्या जड आहेत. वर घेऊन येऊ देत."

मी पिशव्या नेल्या, गादी नेली, एक खुर्ची, एक धार्मिक चित्र. एवढंच होतं. खोली छोटी, भिंतींना ओल्या रंगाचा वास, खिडकीखाली लोखंडी हीटर. त्यांनी आधी खिडकीची फट हातानं चाचपली. मग हीटरवर तळहात ठेवला. लगेच काढला, भाजला असावा, आणि पुन्हा ठेवला. मग कोट न काढताच त्याला पाठ लावून उभ्या राहिल्या, डोळे मिटून. आम्ही दोघं खोलीत आहोत हे त्या विसरल्या.

बोग्नानं मला खूण केली. मी बाहेर निघालो. उंबऱ्याशी थांबून म्हटलं, "लेओकाडियाबाई, येतो."

डोळे न उघडता त्या म्हणाल्या, "दार नीट लावा. ऊब जाते."

मी दार नीट लावलं. हँडल ओढून बघितलं. जिन्यात बोग्नाची वाट बघत उभा राहिलो तेव्हा आतून दोघींचं बोलणं ऐकू येत होतं, शब्द कळत नव्हते. एकदा हसल्यासारखं वाटलं. कोण हसलं ते ओळखता आलं नाही.

परत या असं त्या म्हणाल्या नाहीत. येऊ नका असंही म्हणाल्या नाहीत. पुढच्या गुरुवारी मला सुट्टी आहे. मी जाणार आहे. दार वाजवेन. त्यांनी उघडलं नाही तर पुन्हा वाजवणार नाही, पण लगेच निघणारही नाही. जिन्यात थोडा वेळ उभा राहीन.